उपऱ्या खेकड्यांचं कवच, कायटिन आणि कायटोसान: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

खेकड्याच्या टाकाऊ कवचापासून मलमपट्टी, प्लॅस्टिक किंवा बॅटरी तयार झाल्याची बातमी दर काही महिन्यांनी फिरते. ती खोटी नसते, पण बहुतेक वेळा अर्धीच असते. ती वाचून लोक जे विचारतात ते इथे एकत्र केलं आहे. शाळेतलं आम्ल-अल्कलीचं प्रकरण आठवत असेल तर तेवढ्यावर भागेल.

उपरा किंवा आक्रमक खेकडा म्हणजे नेमका कुठला?

कुठलाही खेकडा जन्मतः आक्रमक नसतो, चुकीच्या किनाऱ्याला लागला की होतो. युरोपचा हिरवा किनारी खेकडा स्वतःच्या घरी नीट राहतो, कारण त्याला खाणारे, त्याच्या अंगावर जगणारे आणि त्याच्याशी भांडणारे सगळे तिथे असतात. अमेरिकेच्या ईशान्य किनाऱ्यावर त्याची नोंद १८१७ पासूनची आहे. पश्चिम किनाऱ्यावर तो १९८९ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या उपसागरात सापडला आणि २०२२ मध्ये अलास्कापर्यंत पोचला. मादी एका खेपेला १,८५,००० पर्यंत अंडी घालते आणि त्यातून निघालेल्या अळ्या आठवडेच्या आठवडे प्रवाहाबरोबर तरंगत जातात. हा खेकडा तिसऱ्या (वाळूत राहणारे छोटे शिंपले) आणि इतर शिंपले खातो. त्यासाठी तळ उकरतो, आणि उकरताना ईलग्रास हे समुद्री गवत मुळासकट उपटतो. माशांची पिल्लं त्याच गवतात वाढत असतात, म्हणून नुकसान दुहेरी.

दुसरा म्हणजे पश्चिम अटलांटिकचा निळा खेकडा. तो भूमध्य समुद्रात गेली अनेक दशकं आहे, पण २०२३ च्या उन्हाळ्यात इटलीत पो नदीच्या मुखाशी त्याने तिसऱ्यांची शेती फस्त केली आणि तिथल्या सरकारला तातडीने २९ लाख युरो बाजूला काढावे लागले. (ज्या तिसऱ्यांवर त्याने ताव मारला त्याही मूळच्या तिथल्या नव्हेत. १९८० च्या दशकात आशियातून आणून रुजवलेल्या होत्या.) तिसरा चिनी मिटन क्रॅब. नांग्यांवर लोकरीचे हातमोजे घातल्यासारखे केस असतात म्हणून हे नाव. जर्मनीत तो १९१२ मध्ये सापडला.

मग खाऊन का संपवत नाहीत?

निळा खेकडा खातातच. त्याच्या शास्त्रीय नावातल्या ‘सॅपिडस’चा अर्थच चवदार असा आहे. हिरवा मात्र लहान, तळहाताएवढाही नसतो, आणि त्यातलं मांस कोरून काढण्याची मजुरी मांसापेक्षा महाग पडते. शिवाय खाल्ला तरी कवच उरतंच, आणि आपला विषय तिथूनच सुरू होतो.

कवचात असतं तरी काय?

सुक्या कवचात साधारण २० ते ५० टक्के कॅल्शियम कार्बोनेट, म्हणजे चुनखडी. २० ते ४० टक्के प्रथिनं. आणि १५ ते ४० टक्के कायटिन. आकडे इतके सैल आहेत, कारण जात, वय, ऋतू आणि कात टाकून किती दिवस झाले यावर सगळं अवलंबून असतं. नुकतीच कात टाकलेल्या खेकड्याचं कवच मऊ असतं, त्यात चुनखडी जवळजवळ नसतेच.

रचना सिमेंट काँक्रीटसारखी समजा. कायटिनचे धागे म्हणजे सळ्या, त्यांना प्रथिनांचं वेष्टण आणि मधल्या फटींत चुनखडी भरलेली. थोडा रंगही असतो, अॅस्टाझँथिन नावाचा. जिवंत खेकड्यात तो एका प्रथिनाला बांधलेला असल्यामुळे निळा-हिरवा दिसतो. शिजवलं की प्रथिन उसवतं, रंग सुटतो आणि खेकडा लाल होतो.

कायटिन काही नवा शोध नाही. फ्रेंच रसायनतज्ज्ञ आंरी ब्राकोनो यांनी ते १८११ मध्ये काढलं होतं, तेही खेकड्यातून नव्हे तर अळिंबीतून. कीटकांचं कवच, बुरशीच्या पेशीभित्ती, कोळंबीची सालं, सगळीकडे तेच असतं. निसर्गात सेल्युलोजनंतर सर्वाधिक आढळणाऱ्या बहुवारिकांत, म्हणजे पॉलिमरांत, त्याचं नाव घेतात.

हे घरी बघता येईल का?

पहिली पायरी येईल. शिजवलेल्या खेकड्याच्या पाठीचा, बोटाएवढा तुकडा घ्या, मांस खरवडून काढा, काचेच्या पेल्यात टाका आणि वर साधं व्हिनेगर ओता. काही क्षणांत तुकड्यावर बारीक बुडबुडे धरतात. तो कार्बन डायऑक्साइड. पेल्यावर घट्ट झाकण लावू नका. दुसऱ्या दिवशी व्हिनेगर बदला. आणखी दिवसभराने तुकडा हातात घेतलात तर आकार तोच, ठिपके तेच, कडेचे काटेसुद्धा जागच्या जागी, पण भिजलेल्या चामड्यासारखा लिबलिबीत. वाकवला तर वाकतो, सोडला तर हळूहळू परत येतो. चुनखडी गेली, कायटिन आणि प्रथिनं उरली.

पुढच्या पायऱ्या घरी करू नका. त्यांना कॉस्टिक सोडा ही तीव्र अल्कली लागते आणि त्याचा गरम, दाट द्राव डोळ्यात उडाला तर दृष्टी जाऊ शकते.

कायटिन आणि कायटोसान एकच का?

नाही, आणि अर्धा गोंधळ इथेच होतो. कायटिन म्हणजे ग्लुकोजच्या जातकुळीतल्या साखरेची लांब साखळी. तिच्या प्रत्येक कडीवर अॅसिटिल गट नावाचा अणूंचा एक छोटा झुपका लटकलेला असतो. या साखळ्या एकमेकींना इतक्या घट्ट धरून असतात की कायटिन पाण्यात विरघळत नाही, सौम्य आम्लातही नाही. त्यातले निम्म्याहून जास्त अॅसिटिल गट छाटून टाकले की कायटोसान होतं. छाटलेल्या जागी नायट्रोजन असलेले अमाइन गट उघडे पडतात. आम्लात ते धन प्रभार घेतात, साखळ्या एकमेकींना ढकलायला लागतात आणि पदार्थ विरघळतो.

तो धन प्रभार हीच कायटोसानची सगळी मिळकत. निसर्गातल्या बऱ्याच पृष्ठभागांवर, म्हणजे जिवाणू, रक्तपेशी, मातीचे कण यांवर, ऋण प्रभार असतो. कायटोसान त्यांना चिकटतं. पुढचे बहुतेक उपयोग या एका वाक्यातून निघतात.

१८५९ मध्ये रूजे या फ्रेंच शास्त्रज्ञाने कायटिन दाट अल्कलीत उकळलं आणि मिळालेला पदार्थ आम्लात विरघळतो असं पाहिलं. मूळ युक्ती आजही तीच आहे.

कारखान्यात ते कसं काढतात?

कवच धुवून, वाळवून, भरड दळतात. मग पातळ हायड्रोक्लोरिक अॅसिडमध्ये चुनखडी काढतात, पातळ कॉस्टिक सोड्यात गरम करून प्रथिनं काढतात, रंग उडवतात आणि उरतं ते कायटिन. कायटोसान हवं असेल तर तेच ४० ते ५० टक्के कॉस्टिकमध्ये, शंभर अंशांच्या आसपास तासन्‌तास ठेवतात. प्रत्येक पायरीनंतर धुणं आलंच.

लिहिताना चार ओळी होतात. पहिल्यांदा केलं तेव्हा मी दळलेल्या कवचावर अॅसिड एकदम ओतलं होतं. प्रथिनांमुळे फेस फुटत नाही, दुधासारखा चढत जातो. बीकरमधून ओट्यावर आणि ओट्यावरून उघड्या वहीवर आला. त्या पानाला नंतर कितीतरी दिवस उकडलेल्या खेकड्याचा वास येत होता. अॅसिड थेंबाथेंबाने घालायचं असतं, आणि भांडं मालाच्या चौपट मोठं घ्यायचं असतं.

आता हिशेब. १०० किलो चुनखडी विरघळवायला ७३ किलो शुद्ध हायड्रोजन क्लोराइड लागतो आणि ४४ किलो कार्बन डायऑक्साइड सुटतो. ४० टक्के चुनखडी असलेल्या एक टन सुक्या कवचामागे म्हणजे सुमारे २९० किलो आम्लवायू, सुमारे १७५ किलो कार्बन डायऑक्साइड आणि वर कॅल्शियम क्लोराइडचं खारट पाणी. कायटिनचं कायटोसान करताना वजनही घटतं. साखळीच्या एका कडीचा रेणुभार २०३ वरून १६१ वर येतो, म्हणजे १०० किलो कायटिनमधून फार तर ८० किलो माल. पाण्याचं तर बोलूच नका. २०१५ मध्ये सिंगापूरच्या निंग यान आणि शी चेन यांनी ‘नेचर’मध्ये लिहिलं की कोळंबीच्या कवचापासून एक किलो कायटोसान करायला एक टनाहून जास्त पाणी लागतं. त्याच लेखात जगभरातल्या खेकडा-कोळंबी-लॉबस्टरच्या कवचकचऱ्याचा अंदाज वर्षाला ६० ते ८० लाख टन दिला होता.

म्हणून ‘कचऱ्यापासून पर्यावरणपूरक’ असं वाचलं की आधी सांडपाणी कुठे जातं ते विचारावं.

आम्ल-अल्कलीशिवाय मार्ग नाही का?

आहेत. एक जुन्या ओळखीचा: आंबवणं. दळलेल्या कवचात थोडी साखर आणि दह्यातल्या जिवाणूंचे भाऊबंद घातले की ते लॅक्टिक आम्ल करतात. आम्ल चुनखडी खातं, वितंचकं (एन्झाइम) प्रथिनं तोडतात. वेळ लागतो, काम पूर्ण होत नाही, शेवटी थोडं रसायन लागतंच. पण प्रथिनं खाण्याजोगी हाती येतात, जी कॉस्टिकमध्ये वाया गेली असती.

दुसरा मार्ग कोरडा. कॅनडातल्या मॅकगिल विद्यापीठात ओद्रे मूर यांच्या गटाने कायटिन बॉल मिलमध्ये, म्हणजे कठीण गोळ्यांनी कुटणाऱ्या चक्कीत, दळून, घन कॉस्टिक मिसळून, दमट हवेत नुसतं ठेवून देण्याची पद्धत बसवली. उकळणं नाही, द्रावाचे पिंप नाहीत आणि साखळ्याही कमी तुटतात. २०१९ च्या सुमारास नोव्हा स्कोशियातल्या केजिमकुजिक राष्ट्रीय उद्यानाशी त्यांचं काम जोडलं गेलं. ईलग्रास वाचवण्यासाठी तिथे हिरवे खेकडे पकडले जातात, आणि पकडलेल्यांचं करायचं काय हा प्रश्न होता. खेकडे आधीपासून पकडले जात होते, रसायनवाले मागून आले. हा क्रम लक्षात ठेवा, पुढे लागेल.

उपयोग कशाकशात होतो? बातम्यांतलं खरं किती?

रक्त थांबवणारी पट्टी शंभर टक्के खरी. कायटोसान लाल पेशींना ओढून धरतं आणि जखमेवर चिकट बूच बसवतं. रक्त गोठवणाऱ्या घटकांवर ते फारसं अवलंबून नसतं. २००० च्या दशकात अमेरिकी सैन्याने अशा पट्ट्या इराक आणि अफगाणिस्तानात वापरल्या.

पाणी नितळ करणंही खरं, पण बातमीत कधी येत नाही. गढूळ पाण्यातले ऋणभारित कण कायटोसानवर गोळा होतात, जड होतात, तळाला बसतात. अमाइन गट तांबं, शिसं यांसारखे धातूही पकडतात.

शेती: युरोपीय संघाने २०१४ मध्ये कायटोसान हायड्रोक्लोराइडला पीकसंरक्षणासाठी मूलभूत पदार्थ म्हणून मान्यता दिली. गंमत अशी की ते कीटकनाशकासारखं थेट मारत बसत नाही. बुरशीच्या भित्तीत कायटिन असतं, त्यामुळे त्याच्याच जातीचं कायटोसान पानावर पडलं की झाडाला वाटतं बुरशी आली, आणि ते आपली बचावाची यंत्रणा चालू करतं. झाडाला चक्क गंडवायचं.

बॅटरी: २०२२ मध्ये मेरिलँड विद्यापीठातल्या गटाने जस्ताच्या बॅटरीसाठी कायटोसानचा जेलसारखा इलेक्ट्रोलाइट (बॅटरीच्या आत प्रभार वाहून नेणारं द्रव्य) केला, आणि तो मातीत साधारण पाच महिन्यांत विघटित होतो असं दाखवलं. उरतं ते जस्त, जे परत वापरता येतं. प्रयोग चांगला आहे. दुकानात बॅटरी मागायला जाऊ नका.

वजन उतरवण्याच्या गोळ्या: चांगल्या दर्जाच्या चाचण्यांत फरक नगण्य निघाला आहे. पैसे वाचवा.

हे प्लॅस्टिकची जागा घेईल का?

सगळ्या प्लॅस्टिकची नाही. अडचण यंत्राची आहे. पॉलिथिन वितळतं, म्हणून ते साच्यात ढकलता येतं, फुगवता येतं, पिशव्यांचे भेंडोळे काढता येतात. कायटिन आणि कायटोसान वितळण्याआधीच करपतात. त्यामुळे आम्लात विरघळवून, पसरून, वाळवून फिल्म करावी लागते. ती पारदर्शक, मजबूत, जिवाणूंना थोडीफार अटकाव करणारी असते, पण दमट हवेत पाणी पिऊन फुगते. फळांवरचा पातळ लेप, औषधाची कॅप्सूल, जखमेवरचा पडदा, अशा थोड्या मालाच्या आणि जास्त किमतीच्या ठिकाणी ती शोभते. पाण्याच्या बाटलीचं स्वप्न सध्या बाजूला ठेवा.

कवचातली बाकीची द्रव्यं?

प्रथिनं पशुखाद्यात जाऊ शकतात. अॅस्टाझँथिन माशांच्या खाद्यात रंगासाठी महाग विकलं जातं, पण कवचात ते इतकं थोडं असतं की फक्त त्याच्यासाठी कोणी कवच दळणार नाही. चुनखडी मात्र आम्लात विरघळवून गटारात सोडणं मला व्यक्तिशः खटकतं. तीच दळून आम्लधर्मी जमिनीत किंवा फॉस्फेट शोषायला वापरता येते.

मग सरळ शेतातच का पुरू नये?

पुरता येतं, आणि छोट्या प्रमाणावर अनेकदा हेच शहाणपणाचं असतं. कायटिन खाणारे सूक्ष्मजीव मातीत वाढतात, आणि मुळांना त्रास देणाऱ्या काही सूत्रकृमींच्या (मातीतल्या बारीक कृमींच्या) अंड्यांच्या आवरणातही कायटिन असल्याने त्यांच्यावर वचक बसतो. पण खेकडे आधी पूर्ण मेलेले हवेत, मीठ धुतलेलं हवं आणि खड्डा खोल हवा, नाहीतर रात्रीत कोणीतरी प्राणी सगळं उकरून ठेवेल. मुळात अल्कलीधर्मी जमीन असेल तर चुनखडीची भर घालू नका.

पकडलेले खेकडे हाताळताना काय चुकतं?

पहिली चूक: भलताच खेकडा मारणं. हिरवा खेकडा नेहमी हिरवा नसतो, तपकिरी-लालसरही असतो. खूण रंगाची नाही, डोळ्यांच्या बाहेरच्या बाजूला प्रत्येकी पाच काटे ही आहे. वॉशिंग्टन राज्यात तर सामान्य लोकांना सांगतात की संशय आला तर फोटो काढून कळवा, मारू नका, कारण मारले जातात ते बरेचदा तिथलेच निरुपद्रवी खेकडे.

दुसरी: जिवंत नेणं. हा प्राणी पाण्याबाहेर ओल्या गोणीत दिवसचे दिवस तग धरतो. वाटेत दोन निसटले आणि त्यात अंड्यांची मादी असली तर आपणच त्याला नवा किनारा दाखवला. म्हणून जागेवरच गोठवायचा.

तिसरी: उशीर. मेलेल्या खेकड्याची पचनद्रव्यं त्यालाच आतून पचवायला लागतात. उन्हात अर्धा दिवस राहिलेल्या पिंपाचं झाकण ज्याने उघडलंय त्याला हे समजावून सांगावं लागत नाही.

पकडत राहिलं तर ते संपतील ना?

कॅलिफोर्नियात स्टिन्सन बीचजवळ सीड्रिफ्ट नावाचं खाजण आहे. तिथे संशोधक एड ग्रोशॉल्झ आणि सहकाऱ्यांनी २००९ पासून हिरवे खेकडे उपसायला घेतले. सुमारे १,२५,००० खेकड्यांवरून संख्या २०१३ पर्यंत १०,००० च्या खाली आली. आणि २०१४ मध्ये ती ३,००,००० च्या घरात गेली! कारण मोठे खेकडे स्वतःचीच पिल्लं खातात. मोठे काढून टाकले, पिल्लांना रान मोकळं मिळालं. रोगापेक्षा औषध भयंकर म्हणतात तसं झालं. त्यानंतर त्या गटाचं मत असं बनलं की शेवटच्या खेकड्याच्या मागे लागू नये. संख्या इतपत खाली आणावी की नुकसान सोसवेल, आणि तिथे ती धरून ठेवावी.

कवच विकत घेणाऱ्यालाही ही गोष्ट माहीत हवी. जाळ्यात सर्वात जास्त माल आलेलं वर्ष हे मोहिमेचं यशस्वी वर्ष असेलच असं नाही.

उद्योग उभा राहिला तर खेकडा संपावा असं कोणाला वाटेल?

माझ्या मते या विषयातला हा एकमेव अवघड प्रश्न आहे, रसायन त्यामानाने सोपं. कारखाना घातला, कर्ज काढलं, माणसं लावली. आता दरवर्षी कच्चा माल हवा. मोहीम यशस्वी झाली की आपण बसलेली फांदी तुटते.

नॉर्वेचं उदाहरण बघा. कामचटकाचा लाल किंग क्रॅब १९६० च्या दशकात सोव्हिएत शास्त्रज्ञांनी बॅरेंट्स समुद्रात सोडला आणि तो नॉर्वेच्या पाण्यात शिरला. मांस महागडं, मच्छीमारांची चंगळ. शेवटी देशाने २६ अंश पूर्व रेखांशाशी रेघ ओढली. पूर्वेला कोटा लावून मासेमारी, म्हणजे खेकडा टिकवायचा. पश्चिमेला खुली सूट, म्हणजे हटवायचा. एकच प्राणी रेघेच्या एका बाजूला ठेव आणि दुसऱ्या बाजूला उपद्रव.

युरोपीय संघाच्या २०१४ च्या कायद्यात, यादीतल्या आक्रमक प्रजातींचा व्यापारी वापर नियंत्रण मोहिमेचा भाग म्हणून आणि तात्पुरताच करू देता येतो. यादीत मिटन क्रॅब २०१६ पासून आहे. ‘तात्पुरता’ हा शब्द मला त्या कायद्यात सर्वात महत्त्वाचा वाटतो.

व्यवहारात याचा अर्थ असा: उपऱ्या खेकड्यांसाठी स्वतंत्र कारखाना नको. कोळंबी किंवा खाण्याच्या खेकड्याचं कवच आधीच घेणारा कारखाना असेल तर त्यात हे जोडीला जावं. उद्या खेकडे आटले तर कोणाचं दिवाळं निघू नये.

शेलफिशची (खेकडे, कोळंबी वगैरेंची) अॅलर्जी असलेल्याने कायटोसानची पट्टी वापरावी का?

अॅलर्जी मुख्यतः ट्रोपोमायोसिन या स्नायूतल्या प्रथिनाची असते, कायटिनची नाही, आणि नीट शुद्ध केलेल्या मालात प्रथिन नावापुरतं असतं. तरी ‘नीट शुद्ध केलेला’ हे लेबल वाचून कळत नाही. डॉक्टरांना विचारा.

अळिंबीपासूनही मिळतं, मग खेकडा कशाला?

मिळतं, आणि काही ठिकाणी तेच लागतं. वाइन नितळ करायला मान्यता आहे ती बुरशीपासून काढलेल्या कायटोसानला. बुरशीत चुनखडी नसते, म्हणून आम्लाची पायरी हलकी होते आणि माल वर्षभर एकसारखा येतो. खेकड्याची बाजू एवढीच की तो नाहीतरी पकडलेला आहे.

निळ्या रक्ताचा, औषध तपासणीत वापरतात तो हाच का?

नाही. तो हॉर्सशू क्रॅब, नावाला खेकडा, नात्याने कोळी आणि विंचवांच्या जवळचा. त्याला वाचवायचं आहे. या यादीत त्याला ओढू नका.

माल तयार केला. चांगला आहे हे कसं ओळखायचं?

खरेदीदार विचारतो ते असं: अॅसिटिल गट किती टक्के निघाले, द्राव किती दाट होतो, राख किती, प्रथिन किती, जड धातू किती. शेवटचं विसरू नका. हे खेकडे बंदरांच्या आणि खाड्यांच्या चिखलात वाढलेले असतात.

प्रयोगशाळेत पाठवण्याआधीची साधी चाचणी: एक टक्का अॅसिटिक अॅसिडच्या १०० मिलिलिटरमध्ये एक ग्रॅम पूड टाकून रात्रभर ढवळत ठेवा. टाकताक्षणी बुडबुडे आले तर चुनखडी राहिली आहे. सकाळी तळाला पांढरे कण दिसले तर कायटिन पुरतं छाटलं गेलेलं नाही. द्राव पाण्यासारखाच पातळ राहिला तर कॉस्टिकमध्ये जास्त उकळलंय, साखळ्या तुटल्यात. आणि काडी वर उचलल्यावर स्वच्छ, न तुटणारी, मधासारखी तार खाली आली, तर नमुना पाठवायला हरकत नाही.